उसनवारीचं पिस्तूल

४ मे
पोचले एकदाची. केंटकीच्या डोंगरांत बसने इतकी वळणं घेतली की शेजारची म्हातारी मला म्हणाली, बाई, तू पांढरीफटक पडलीस. पण घर बघितलं आणि सगळा शीण गेला. झेल्मामावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, हिवाळ्यात वारली आणि हे घर माझ्या नावावर करून गेली. मी तिला जेमतेम भेटले होते. आई म्हणते, मी तिच्यासारखी दिसते म्हणून दिलं. बाबा म्हणतात, आपल्याला डिवचायला दिलं.

दोन खोल्या, पडवी, मागे रिकामं खुराडं. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. त्या खिडकीशी शिवणयंत्र ठेवायचं आणि गावातलं शिवण घ्यायचं असं मी ठरवलं आहे. संध्याकाळपर्यंत टेबल भरून गेलं. बायका येत होत्या, भांडी ठेवत होत्या: डुकराच्या मांसातला घेवडा, मक्याचा पाव, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. शेजारच्या ओर्फाकाकूंनी मला दमच दिला. पोरी, भांडं जिचं तिला गेलं पाहिजे, आणि रिकामं परत करशील तर मावशीचं नाव घालवशील. मी म्हटलं, मला एवढं रांधता येत नाही. त्या म्हणाल्या, मग चार अंडी घाल, कांदा घाल, पण रिकामं नको.

मी खूश आहे. खूश असल्याची लाजही वाटते. कुणी मेल्याशिवाय हे घर मला मिळणार नव्हतं.

६ मे
वकिलांनी आज बिस्किटांचा एक डबा आणून दिला. मृत्युपत्रात त्याची वेगळी नोंद होती म्हणे. आत फ्लॅनेलच्या फडक्यात एक पिस्तूल. माझ्या तळहातात मावेल एवढंच. मुठीची काळी पकड एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेली. आणि पकडीवर, भांड्यांना असते तशीच, चिकटपट्टी: झेल्मा. मी मोठ्याने हसले. मग दचकले.

आमच्या घरात शस्त्र कधी आलं नाही. बाबांचा भाऊ शिकारीत दुसऱ्याच्या चुकलेल्या गोळीने गेला, तेव्हापासून नाही. मी आणि माझा भाऊ, आम्हाला बाबांनी जेवणाच्या टेबलाशीच शिकवलं. वाचन, गणित, धर्मग्रंथ, आणि रोज संध्याकाळी दिवसभरातल्या चुका मोजून सांगणं. आज फोनवर मी घराचं सगळं वर्णन केलं, हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं नाही हे इथे लिहून ठेवते, म्हणजे ते लपवणं होणार नाही.

११ मे
ओर्फाकाकूंनी शिकवलं. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढायचं, मग वरचा भाग मागे ओढून आत बघायचं. उलट केलंस तर एक गोळी आत राहते, म्हणाल्या, आणि अशाने शहाणीच माणसं मरतात, मूर्ख आधी कुणालातरी विचारतात. मी आत बघितलं. रिकामं होतं. पुन्हा बघितलं. काकू म्हणाल्या, आता तिसऱ्यांदा बघशील तर तेच लाजेल.

खुराड्यामागे डबे मांडून मी दोन गोळ्या उडवल्या. दुसरी लागली. डबा उडाला तेव्हा अंगातून जे गेलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. वळून बघितलं तर काकूंचा चेहरा पडलेला. झेल्माने ते कधी उडवलं नव्हतं, एवढंच बोलल्या. मग ठेवलं कशाला होतं, विचारलं, तर त्यांनी घेवड्याच्या शेंगा सोलायला घेतल्या.

१९ मे
पिस्तूल रोज पुसते. गरज नसते तरी पुसते. तेलाच्या वासाखाली व्हॅनिलाचा एक मंद वास आहे, कारण डबा फडताळात मसाल्यांजवळ असायचा. मीही तिथेच ठेवते. शिवताना ते एप्रनच्या खिशात असलं की हात स्थिर राहतो. हे चांगलं लक्षण नसावं.

२ जून
आज नेव्हा आली. खालच्या वळणावर राहते, हर्शेलची बायको, माझ्याच वयाची. मावशीचं निळं भांडं परत द्यायला आली होती, आत पीचचा मुरंबा. उकाड्याने जीव नकोसा झालेला, तरी हिच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. सरबत प्यायली. माझं शिवण हातात घेऊन म्हणाली, मेडा, ही झालर आहे की कोंबडीने टोचलंय? दोघी खूप हसलो.

उठता उठता, साखर मागावी तसं तिने मागितलं: मावशींचं ते लहानसं मला थोडे दिवस लागेल. मला कळेना. तिने हनुवटीने फडताळाकडे दाखवलं. कशाला, मी विचारलं. म्हणाली, उंदीर फार झालेत गं. आणि हसली, पण मघाचं हसू ते नव्हतं.

मी म्हटलं, उद्या सांगते.

३ जून
दुकानातून बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, पिस्तुलाचंही. ते म्हणाले, विष पाजणारा आणि विष मोजून देणारा यांत देव फरक करत नाही. तिने ते चालवलं तर बोट तिचं असेल, पाप दोघींचं.

मला बरं वाटलं. खरं लिहायला हवं: उत्तर मिळालं म्हणून नाही, उत्तर माझं नव्हतं म्हणून बरं वाटलं.

नेव्हा आली तेव्हा मी दारातच उभी राहिले. नाही म्हटलं. माझ्याकडे येऊन राहा म्हटलं, पाळकांना सांगू या म्हटलं. ती म्हणाली, पाळकांशी तो फार गोड बोलतो, आणि इथे राहिले तर तो न्यायला येईल, तेव्हा तू काय करशील, झालर दाखवशील? मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, जाऊ दे गं, तू वाईट नाहीस. मी तिला फडक्यात मक्याचा पाव बांधून दिला. तो घेऊन ती उतारावरून गेली.

तिच्या बाह्यांखाली काय असेल ते मला कळत होतं. मी बघायचं टाळलं.

१० जून
नेव्हा गेली. तळघराच्या जिन्यावरून पडली, मान मोडली, असं हर्शेल सांगतो. चर्चमध्ये तो लहान मुलासारखा रडला. ओर्फाकाकूंनी आणि आणखी एकीने तिला आंघोळ घालून कपडे केले. काय दिसलं ते काकूंनी कुणाला सांगितलं नाही, फक्त तिच्या गळ्याला रुमाल बांधला. जेवणाच्या वेळी बायका माझ्याशी नीट बोलल्या, वाढलं, आग्रह केला. एकीनेही माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

११ जून
मी काकूंकडे जाऊन बसले आणि उठलेच नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं.

ते पिस्तूल कुणाला मारायला जात नव्हतं. नवऱ्याचा मार खाणारी बाई ते मावशीकडून घरी न्यायची आणि रात्रीच्या जेवणाला मिठाच्या बरणीशेजारी ठेवायची. काही बोलायची नाही. नवरा मीठ मागायचा, ती बरणी सरकवायची. पट्टीवरचं नाव त्याला वाचता यायचं. आपल्या घरातलं झेल्माला ठाऊक आहे, हे त्याला कळायचं. बहुतेकांना तेवढं पुरायचं. मग ते परत यायचं, केकबरोबर, मुरंब्याबरोबर. वर्षानुवर्षांत एकही गोळी उडाली नाही.

पहिली मी उडवली. डब्यावर. मजा म्हणून.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंत? काकू म्हणाल्या, झेल्माची भाची, मला वाटलं तू काही न विचारता देशील.

मी खून टाळत होते. खून कुणी मागितलाच नव्हता.

१४ जून
सकाळी भांडी घासत होते. जाळीच्या दारावर टकटक झाली. बघितलं तर नेव्हा. स्वच्छ उन्हात उभी, बाह्यांची बटणं लावलेली, गळ्याला तो रुमाल. म्हणाली, मेडा, मावशींचं ते लहानसं मला थोडे दिवस लागेल. साखर मागावी तसंच.

ती जाळीच्या इतकी जवळ होती की तिच्या श्वासाने जाळीवरची माशी उडायला हवी होती. माशी बसून होती.

मी आतलं दार लावलं. बराच वेळ ते धरून उभी होते.

१५ जून
पुन्हा. त्याच वेळी, तेच शब्द. मी म्हटलं, नेव्हा, मला क्षमा कर. ती ऐकून घेते आणि तेच मागते. क्षमेशी तिचं काही काम नाही.

१७ जून
आज दिलं. दार किलकिलं करून फडक्यासकट हातात ठेवलं. तिची बोटं तळघरातल्या बटाट्यांसारखी गार होती. ती वळली आणि मला हलकं वाटलं, इतकं हलकं की मी खाली बसले.

मग विचार आला. आता तिला हर्शेलची कसली भीती? मग ते कशाला—

हे मला ती उतारावरून दिसेनाशी झाल्यावर सुचलं. आधी सुचलं असतं तरी मी—

१८ जून
हर्शेल मेला. टेबलाशी बसलेला सापडला, ताट अर्धं, हातात मिठाची बरणी. अंगावर ओरखडाही नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. ओर्फाकाकू म्हणाल्या, त्याला हृदय होतं हे आजच कळलं.

माझ्या पडवीत एक भांडं होतं. बुडाशी नाव नेव्हाचं. आत पिस्तूल, भोवती ताजे पीच. मॅगझिनमध्ये एक गोळी कमी. नळीला जळका वास.

मी त्याच्या घरी न्यायला घेवडा शिजवला. सगळ्यांनी काही ना काही नेलं. तिथे बसून मी जेवलेही. त्याला मी मारलं आणि मी जेवले.

२१ जून
परत आली. तेच शब्द.

मी म्हटलं, तो गेला नेव्हा, आता कुणासाठी? ती माझ्याकडे बघत राहिली. फक्त माझ्याकडे.

पिस्तूल नदीत टाकायला निघाले होते. वाटेत काकू भेटल्या. गिरणीजवळच्या मर्टलला ते हवं आहे म्हणाल्या. ती मागायला यायला बिचकते, कारण नेव्हाला तू— आणि त्या पुढे निघाल्या. म्हणजे टाकलं तर मर्टलही जाईल. ठेवलं तर ही रोज—

परत घेऊन आले.

२३ जून
आज ती जाळीच्या आत उभी होती. दार मी उघडलेलं नाही.

नाही म्हणता येत नाही. हो म्हणता येत नाही. मी नुसती भांडी घासत राहिले, घासलेलीच—

२४ जून
सकाळीच पिस्तूल काकूंबरोबर मर्टलकडे पाठवलं. टोपलीत, केकखाली. मिठाचं तिला सांगा म्हटलं. काकू म्हणाल्या, तिला ठाऊक आहे पोरी, तुला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, चल माझ्याबरोबर. मी काम आहे म्हटलं. मी इथे नसले तर नेव्हा मागायला मर्टलच्या दारी जाईल.

बाबांना विचारलेलं नाही.

आली. टेबलाशी उभी आहे. तेच शब्द.

मी सांगितलं. दिलं नेव्हा. जिला अजून उपयोग आहे तिला दिलं. लिहीत राहिले तर उठून पळणार नाही, म्हणून लिहिते आहे.

खुर्ची ओढून समोर बसली. बाहीचं बटण काढते आहे.

त्या दिवशी बघायला हवं होतं. आता बघते. मनगटाच्या वर बोटांचे वळ, जुने, पिवळे. त्यावर नवे. कोपराजवळ भाजलेलं, इस्त्रीच्या टोकाचं— ती दाखवते आणि माझ्या हातावर— त्याच जागी— कातडी जळते—

दुसरी बाही. पेन धरवत नाही, डाव्या हाताने—

नेव्हा पुरे. नाही. पुरे नको. दाखव. बघते आहे मी, सगळं बघते—

गळ्याचा रुमाल सोडते आहे. ती मान वळवते आणि माझी—