मेलेल्या शहरातली रांगोळी

मंगळवार, संध्याकाळ. राजाजीनगर.

आज दिग्दर्शक टीमसमोर माझ्यावर उखडला. आमच्या ॲनिमेशन फिल्ममध्ये जग संपलंय, बेंगळुरू राखेखाली गेलंय, औषधालासुद्धा माणूस उरलेला नाही. आणि मी काढलेल्या पडक्या घराच्या उंबऱ्यापुढे ताजी, पांढरी रांगोळी! "सगळे मेलेत ना? मग ही काढली कोणी?" बाकीचे हसले. मला हसू येईना. ती कधी काढली तेच मला आठवत नव्हतं. दार काढलं की हात आपोआप खाली रांगोळीकडे जातो, एवढंच. उद्या सकाळी पुसून द्यायची आहे. एका क्लिकचं काम. तरी दिवसभर पुसली नाही. का?

आमच्या खऱ्या दारात अण्णा, माझे वडील, गेल्यापासून रांगोळी नाही. सुतक कधीच फिटलं, पण आई रांगोळीचा डबा उघडत नाही. मीही विचारत नाही.

आत्ता तिला माझ्या फोनवर ते चित्र दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. ठिपके तिचेच, ओळखले असणार.

"सरी," कन्नडात 'बरं' म्हणाली, "पण ह्या घरात उरलंय कोण?"

कोणीच नाही, असं सांगायलाच तोंड उघडलं होतं.

"आपण दोघी," म्हणाले.