वहीत न लिहिलेला पासवर्ड

अण्णा, आज मी मोरिवलीच्या एका कारखान्यात पासवर्ड कसा ठेवावा हे शिकवून आले. तुमच्या कंपनीपासून दोन गेटं पलीकडे. हल्ली माझं कामच हे आहे. कामगारांना, ऑफिसातल्या लोकांना समोर बसवून सांगायचं की पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, जन्मतारीख घालू नका, फोनवर आलेला ओटीपी कुणालाही वाचून दाखवू नका. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन पोराच्या नावापुढे एक-दोन-तीन लावतात. आज मी म्हटलं, कुणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही. तर मागच्या रांगेतला एक ऑपरेटर उठला, मोरिवली गावातलाच, पन्नाशीचा. "मॅडम, बायकोला पन नाय? म्हंजे घरच्यांवर भरोसाच नाय ठेवायचा?" शेजारचा त्याला म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बस खाली." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली.

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, पण कंपनीत तुमचं नाव अजून निघतं म्हणे. स्टोअर्सचे साहेब कसे होते, तर चावीचे पक्के. मी लहानपणी एकदा डबा द्यायला आले होते तेव्हा तुम्ही मला ती फळी दाखवली होती. प्रत्येक गोदामाची चावी नंबराच्या खिळ्यावर, आणि प्रत्येकीची दुसरी चावी लाखेनं बंद केलेल्या पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर आडवी सही. "हे पाकीट मॅनेजरलासुद्धा एकट्याला उघडता येत नाही," तुम्ही केवढ्या अभिमानानं सांगितलं होतंत. "दोन माणसं समोर लागतात, दोघांच्या सह्या लागतात." मला तेव्हा तुम्ही जगातले सगळ्यात सरळ माणूस वाटला होतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला पुढे कळलं. कंपनीचं पाकीट उघडायला दोन सह्या लागायच्या. माझं टपाल उघडायला तुम्ही एकटे पुरेसे होतात.

अंबरनाथ पूर्वेच्या आपल्या घरात कॉम्प्युटर आला त्याच आठवड्यात तुम्ही वही केलीत. कुठल्यातरी सप्लायरनं दिवाळीला दिलेली डायरी. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचा पासवर्ड तुमच्या गोल अक्षरात, आणि ती वही गॅसच्या पुस्तकाशेजारी. बदलला तर त्याच दिवशी अण्णांना सांगायचा, हा नियम. मी उल्हासनगरला डिप्लोमा करत होते. तिथे सरांनी सांगितलं, पासवर्ड आपला आपल्यापाशी. मी घरी येऊन बदलला. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात मटार सोलतेय, आई फोडणी घालतेय, आणि तुम्ही वही घेऊन दारात उभे आहात. "उघडत नाहीये तुझं." मी सांगते, बदललाय. "घरात कुणापासून लपवायचंय तुला? हे घर आहे का धर्मशाळा?" तुमचा आवाज चढलेला नाही, तोच तर त्रास आहे. तुम्ही नुसते पेन पुढे धरून उभे राहता. आई गॅस बारीक करते आणि म्हणते, "दे गं लिहून. बापापासून काय लपवायचं असतं?" मी ओल्या हातानं लिहिते. पास झाल्यावर तुम्ही मला कपाटासाठी पितळी कुलूप आणलंत, तेही आठवतं. दोन चाव्या होत्या. एक माझ्या हातात दिलीत आणि दुसरी सरळ तुमच्या जुडग्यात अडकवलीत, आणि मी थँक्यू म्हटलं.

मग ई-मेलवर हैदराबादचं पत्र आलं. चांगली कंपनी, कॉम्प्युटर सुरक्षेचंच काम, राहायची सोय, शुक्रवारपर्यंत होकार कळवा. मी घरात अजून सांगितलं नव्हतं, योग्य वेळ बघत होते. मंगळवारी दुपारी मी उत्तर लिहायला बसले तर उत्तर गेलेलं होतं. माझ्या खात्यातून, माझ्या नावानं. कौटुंबिक कारणामुळे रुजू होऊ शकत नाही. चार ओळींत दोनदा 'काइंडली', तुमच्या स्टोअर्सच्या पत्रांत असायचं तसं. आणि खाली माझं नाव, मधे तुमचं नाव, मग आडनाव. मी तसं कधीच लिहीत नव्हते. तुम्ही माझ्या सहीतसुद्धा येऊन बसला होतात.

तुम्ही ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होतात तेव्हा मी विचारलं. तुम्ही टॉवेल शोधत होतात. "तुझं भलं कशात आहे हे तुला कळलं असतं तर मला लिहावं लागलं असतं का?" एवढंच. वर, "आईला शुगर आहे. चहा टाक." मी चहा टाकला. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलंही नाही. पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात, मी सासरहून, बदलापूरहून रोज येऊन तुमचं सगळं केलं, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात, "बघा, मुलीला लांब जाऊ दिलं नाही म्हणून आज निभावतंय." मी भांडं धुवायला मोरीत असायचे आणि ते ऐकायचे. मला तुमचा राग यायचा, आजही येतो. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय, आणि तुम्ही तो कमावलेला आहे.

आज मी हे सगळं त्या तीस जणांना सांगितलं, सवयीनं, हैदराबादच्या पत्रापर्यंत. तोच ऑपरेटर पुन्हा उठला. "मॅडम, मंगळवारी कळला तुम्हाला, न् मुदत शुक्रवारपर्यंत व्हती. मंग तुम्ही परत का नाय लिवलात, का त्ये मी लिवलं नव्हतं म्हनून?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, नवऱ्यानं नाही.

अण्णा, त्याच मंगळवारी संध्याकाळी मी पासवर्ड बदलला होता आणि वहीत लिहिला नव्हता. तुम्ही तो मागितलाही नाहीत, तुमचं काम झालं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार ते खातं फक्त माझं होतं. दोन ओळी पुरल्या असत्या. मी तीनही दिवस ते उघडलं, तुमचं पत्र वाचलं आणि बंद केलं. मुलाखतीत त्या लोकांचं भराभर इंग्रजी मला निम्मंच कळलं होतं. अंबरनाथबाहेर मी एकटी कधी राहिले नव्हते. मंगळवारी ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा, राग यायच्या आधी, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या माणसाला मी सांगितलं, "त्यांनी तोवर दुसरी मुलगी घेतली होती." त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "बापानं वाईट केला मॅडम." मी हो म्हटलं.