ओस्वाल्दोचा येर्बाचा डबा

३ जून २००२, सोमवार

त्या सकाळी अंगण धुऊन आले, भोपळीच्या पेल्यातली येर्बाची जुनी कडू चहापत्ती झटकून ताजी भरली, पाणी उकळायच्या आत उतरवलं. पहिली भोपळी माझी, दुसरी ओस्वाल्दोची. प्यायची नळी त्याच्याकडे फिरवून पुढे केली, हात आला नाही. माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली. दुसरी मी अजून त्याच्या खुर्चीसमोरच ठेवते.

मारिएला येऊन गेली. १४ तारखेला इटलीच्या वकिलातीत तिचा नंबर आहे. इटलीहून आलेल्या तिच्या पणजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला लागणार. पासपोर्ट इटलीचा घ्यायचा आणि जायचं स्पेनला, लोकांचे दात काढायला. इथला तिचा दातांचा दवाखाना मंदीमुळे आठ महिने बंद आहे. दाखला ओस्वाल्दोने जपून ठेवला होता. कुठे, ते आठवत नाही.

निश्चय: सगळं घर पालथं घालायचं. मी मुलीच्या वाटेत येणारी आई नाही.

६ जून

कपाट, गाद्या, शिवणयंत्राचा खण. नाही. वरच्या फळीवर ओस्वाल्दोचा येर्बाचा डबा आहे. तो बघायची गरज नाही. त्यात येर्बाच असणार.

९ जून, रविवार

राविओली केली. जेवताना मारिएला स्पेनच्या लोकांसारखी स्पॅनिश बोलायचा सराव करत होती. मी शब्दकोश अथपासून इतिपर्यंत वाचलेली बाई. सांगितलं, आपलं ‘तू’साठीचं ‘वोस’ आणि हाक मारतानाचं ‘चे’ तिथे ऐकून लोक हसतील. दात दुखणारा माणूस हसत नाही, म्हणाली. मी फक्त माहिती म्हणून सांगितलं होतं.

१२ जून

पहाटे स्वीडनमुळे आपण फुटबॉलच्या विश्वचषकातून बाहेर. गल्लीत कोणी कोणाशी बोलत नाही. अशा दिवशी शोधाशोध बरी दिसत नाही.

शेजारची नोर्मा म्हणाली, "चे इर्मा, तो पणजोबा काय हवा खायला जहाजात बसला होता? पोटासाठीच आला ना? मग पोरीला पोट नाही का?"

तिला बोलायला काय जातं. तिचा मुलगा कोपऱ्यावर राहतो.

१३ जून, संध्याकाळी ६

मारिएला कोट न काढताच स्वयंपाकघरात आली. दाखला? मी म्हटलं, सगळीकडे पाहिलं, नाही. ती स्टुलावर चढली, डबा उतरवून टेबलावर ठेवला. उघडला नाही. मी ओट्याकडे वळून किटली भरायला लागले.

मग तिने पर्समधून कागद काढला. पणजोबांच्या गावच्या चर्चने मार्चमध्येच पाठवलेली नक्कल, शिक्क्यासकट. मी विचारलं, मग माझ्या मागे कशाला लागलीस?

"तू देतेस का, ते बघत होते, आई."

डबा तसाच ठेवून गेली.

१५ जून

काल सकाळी मी डबा उघडला, दाखल्यावरची येर्बा झटकली आणि सातच्या बसने वकिलातीत गेले. मारिएला रांगेत नववी होती. दाखला तिच्या हातात दिला. ती कॉफी पिऊन येईपर्यंत तिची जागा धरून उभी राहिले.