मुळासकट

सप्टेंबर ४, सोमवार

— आणि वर मलाच म्हणते, "असं बोलू नये रे, मामा आहे तुझा." मामा आहे म्हणूनच बोलतोय ना! परका असता तर थुंकून सोडून दिला असता. दर फोनला हेच. मी विचारतो पायाचं, आई सांगते मामाचं. अन्सेल्मो मामा परत आमदारकीला उभा राहतोय. अन्सेल्मो मामाची पोस्टरं लागली. अन्सेल्मो मामाने केस काळे केले. अगं, तुझा अंगठा? "काळा नाही पडला अजून." अजून! साखरेचं दुखणं, पायाला जखम, आणि पट्टी बदलायला हिला पिकअप शोधत कोलोनिया शहरापर्यंत जावं लागतं. कोणाला यायला वेळ नसला की त्या दिवशी पट्टी नाही.

फोन आपटला. मग परत केला. उचलला नाही.

सप्टेंबर ५

दिवसभर डुकरांचे मागचे पाय. पट्टा सरकतो, पाय येतो, मी कापतो, पुढचा येतो. समुद्र ओलांडून इथे, या मांसाच्या कारखान्यात आलो तेव्हा वाटलं होतं, डुकराचं काम म्हणजे आपलंच काम. कसलं काय! आमच्याकडे एक डुक्कर कापलं की पोनपेई बेटावरच्या निम्म्या लोकांना माहीत असतं — डोकं कोणाला गेलं, खांदा कोणाला, कोण रुसून उठला. इथलं डुक्कर कोणाचंच नसतं. कोणी रुसत नाही.

योसुओ म्हातारा माझ्या शेजारी उभा असतो. आमच्याच बाजूचा. राजाने दिलेला मोठा किताब आहे त्याला, घरी असता तर आम्ही त्याच्यासमोर वाकून चाललो असतो. इथला मुकादम त्याला गमतीने "राजे" म्हणतो. म्हातारा म्हणतो, "बघ, एवढ्या लांब येऊन याला बरोबर कळलं."

सप्टेंबर ९, शनिवार

मामाची चढती कमान लिहूनच टाकतो. डोक्यात फिरून फिरून विटली आहे.

आधी तो पिकअप चालवायचा. माशांची, माणसांची, मिळेल त्याची भाडी मारायचा. मग आमच्या वाडीकडून पालिकेचा सदस्य झाला. तेव्हा तो आमच्या घरी जमिनीवर बसून आईच्या हातचा नीरफणस खायचा, बोटं चाटायचा. म्हणाला, "ताई, या वाडीला दवाखाना पाहिजे. रस्त्याकडची जागा दे." आईने दिली. कोनफळाचे वेल उपटून दिली! मामाने चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, टाळ्या झाल्या.

मग पालिकेचा प्रमुख झाला. आता आमच्याकडे आला की खुर्ची लागायची. खुंट्यांच्या जागी सिमेंटचा चौथरा आला. वर गज उभे. परत टाळ्या.

मग आमदार. आता तो आमच्याकडे जेवतच नाही, "पोट बरं नाही" म्हणतो. निवडून यायच्या आधी छपराचे पत्रे आले होते. नवे कोरे, चौथऱ्यावर रचून ठेवलेले. आई त्यांच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत होती. निवडून आल्यावर पत्रे उचलले — "गंजतील, नीट ठेवतो." नीटच ठेवले! त्याच्या मेजवानीच्या मांडवावर ठोकले. तिथे आता पाऊस गळत नाही.

खुंटी, चौथरा, पत्रे. तो एकेक पायरी चढला आणि दवाखाना तिथेच. चौथऱ्यावर पोरं व्हॉलीबॉल खेळतात. गजांना आमचे कपडे वाळत असतात.

सप्टेंबर १०

पत्र्यांनंतर माफी मागायला आला होता. रीतसर! ज्याच्या मुळाचं पेय करतात त्या साकावचं अख्खं झाड उपटून, पानं, फांद्या, मूळ, चिखल सगळं. पिकअपमधून आणलं, दोन माणसांच्या खांद्यावर देऊन दारापर्यंत. हा मागून हात हलवत. मूळ दगडावर कुटलं, गाळलं, नारळाच्या करवंटीत आईपुढे धरलं. आईने डोळे मिटून पेला घेतला.

संपलं. माफीचा साकाव प्यायला की विषय मेला. मग त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, आणि घरातल्या एकाने घेतला तो सगळ्यांनी घेतला. बहिणीने, मेर्लिनाने, त्या दिवसापासून "पत्रा" हा शब्द काढलेला नाही. परवा स्वयंपाकघराच्या छपराला "ते वरचं" म्हणत होती.

पण मी तेव्हा इथे होतो! समुद्रापलीकडे. मी पेला घेतला नाही, पाहिलासुद्धा नाही. मला कोणी गप्प करू शकत नाही. जेवणाच्या सुट्टीत, कपडे धुवायच्या दुकानात, चर्चबाहेर, आपला माणूस दिसला की मी पत्र्यांची गोष्ट सांगतो.

योसुओला विचारलं, "पेला समुद्र ओलांडतो का?"

म्हणाला, "माशाला विचार."

सप्टेंबर १७

मेर्लिनाचा फोन. "तू तिकडे काय बोलतोस ते इकडे पोचतंय. मामा विचारत होता, तुमच्या रुफिनोला झालंय काय?"

म्हटलं, "सांग, तब्येत छान आहे."

आमची मतं इथूनच टाकता येतात. या गावात आम्ही पोनपेईचे बरेच झालोय. मामाला ते कळतं. गणित एवढंच येतं त्याला.

सप्टेंबर २८

तो येतोय! इथे! आपल्या माणसांना "भेटायला". आणि उतरणार कुठे — तर माझ्याकडे. आई म्हणाली, "तुझी गादी दे त्याला, थंडी असेल."

ऑक्टोबर ६, शुक्रवार

आला. आमदाराचं जाकीट, त्याखाली अजून एक जाकीट, पायात बेटावरच्या चपला. दारातच मिठी. "भाच्या! काय रे, खातोस की नाही?" माझी गादी घेतली. माझी उशी घेतली. डब्यातलं मांस आणि भात दोनदा घेतला — इथे पोट बरं आहे वाटतं.

मग चहा पिता पिता, पाय पसरून, काय विचारावं? "ताईच्या पायाचं कसं आहे रे?"

मला विचारतोय! मी जगाच्या या टोकाला, आणि याचं घर आईच्या घरापासून हाकेवर! सकाळी तिचा कोंबडा आरवला की याला जाग येते.

म्हटलं, "तू बघून नाही आलास?"

"अरे, प्रचारात कुठे वेळ मिळतो."

बाहेर जाऊन उभा राहिलो. थंडी बरी वाटली.

ऑक्टोबर ८, रविवार

नीट लिहितो.

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे जमले. मामाने भाषण केलं. रस्ता, धक्का, तरुणांना काम. मग आवाज एकदम खाली आणला. "माझ्या बहिणीचा मुलगा माझ्यावर रागावलाय. त्याच्यापुढे मान झुकवायला मला कसली लाज?" आणि बसला की खाली! गालिच्यावर, माझ्या पायांशी. बायका "अरे देवा" म्हणाल्या. आपल्यापेक्षा मोठा माणूस असा खाली बसला की आपलीही पाठ आपोआप वाकते. माझीही वाकली. तेच तर त्याला हवं होतं.

बर्फाच्या पेटीतून बाटली काढली. साकाव, गोठवून आणलेला. करवंटी बॅगेतून. ओतला, दोन्ही हातांनी पुढे धरला.

सगळे माझ्याकडे बघतायत. घेतला तर माझं तोंड बंद, मतदानाच्या तोंडावर. नाही घेतला तर मी जनावर.

तेवढ्यात मागून योसुओ. "आमदारसाहेब, मूळ कुठाय?"

"कसलं मूळ, आजोबा?"

"झाडाचं हो. पानं, फांद्या, मूळ, चिखल. माफी मागताय की सरबत वाटताय?"

हशा! पोरं मांड्या थोपटायला लागली. मामाही हसला, त्याचं ते पोस्टरवरचं हसू. "विमानात माती कुठे आणू देतात, आजोबा!"

लोकांनी माना डोलावल्या. खरं आहे, नाही देत. माझ्या हातून सुटत चाललं होतं. मग मीच बोललो. केवढ्याने बोललो!

"माती घरी आहे ना, मामा! माझ्या आईच्या दारात ने. पिकअपमधून नाही, दुसऱ्याच्या खांद्यावरून नाही. स्वतःच्या खांद्यावर, मुळासकट आण. मग पिईन मी!"

मामाने करवंटी हळूच पेटीत ठेवली. उठताना त्याचा गुडघा वाजला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पोरा, राजकारण तुला बरं जमेल."

शिवीच दिली ना मला!

ऑक्टोबर ९

मामा गेला. उशीला केसांच्या रंगाचा डाग.

ऑक्टोबर १५

सगळे पाठ थोपटतायत. "मुळासकट!" म्हणून हाक मारतात मला. कापताना पट्ट्याच्या पलीकडून कोणीतरी ओरडतं, "मुळासकट आण रे!" आणि सगळे हसतात.

योसुओ मात्र हसत नाही. म्हणाला, "'मग पिईन' कशाला म्हणालास?"

"तो कसला आणतोय! त्याने गेल्या दहा वर्षांत फावड्याला हात लावलेला नाही."

"ते ठीक. पण म्हणालास."

नोव्हेंबर ८, बुधवार

पडला!! अन्सेल्मो मामा पडला! थोडक्यात पडला, आणि इथली मतं त्याच्या विरोधात गेली म्हणून पडला. सगळे असंच म्हणतायत. आम्ही कोंबडी आणली, भात केला, कोणीतरी गिटार काढलं. मी एवढा हसलो की बरगड्या दुखल्या. आता मांडवात बस म्हणावं, पत्रे मोजत!

नोव्हेंबर १०

मेर्लिनाने फोन केला. आनंदात असेल वाटलं.

"नवा आमदार आला होता," म्हणाली. "दवाखाना त्याच्या वाडीला नेणार. चौथरा तिथे नवा घालणार."

"आणि आपला?"

"आपला म्हणजे काय? आपला कधी होता? जिंकलास ना? आता आईची पट्टी कुठे बदलायची तेवढं सांग."

नोव्हेंबर ११

कामावर गेलो, परत आलो. कोणी "मुळासकट" म्हणालं तर अंगावर धावून गेलो असतो. कोणी म्हणालं नाही.

नोव्हेंबर १९, रविवार

आईच्या पायाचा अंगठा कापला. अंगठाच फक्त, टाच वाचली, असं आई मलाच समजावून सांगत होती. "चप्पल बसते रे अजून, दोरी बांधून." फोन ठेवायला निमित्त काढलं. म्हटलं, मुकादम बोलावतोय. रविवारी कसला मुकादम!

मला मामाची किळस येते. नव्या आमदाराची येते. चौथऱ्याची, त्या गजांची, त्यांच्यावर वाळणाऱ्या माझ्या जुन्या शर्टांची. तळघरात ज्याने एवढा मोठा आवाज काढला त्या पोराची पण येते. काय म्हणायचं होतं मला? दवाखाना दे, एवढंच ना? ते सोडून सगळं बोललो.

नोव्हेंबर २६

मेर्लिनाने कोलोनियातल्या नर्सबाईकडून पट्टी बांधायला शिकून घेतली. आईला चौथऱ्यावर बसवते, उजेड बरा असतो म्हणून. शेजारची दोन म्हातारीमाणसंही पाय घेऊन आली. पाऊस आला की सगळे उठून घरात पळतात. आई सोडून. तिला खुर्चीसकट उचलावं लागतं.

डिसेंबर ३, रविवार

आईचा फोन. मामा आला होता. चालत. पिकअप नाही, माणसं नाही, पोस्टरवरचं हसू नाही. झाड स्वतःच्या खांद्यावर, मुळासकट, चिखल पाठीवरून चड्डीपर्यंत ओघळलेला. दोनदा पडला म्हणे वाटेत. मेर्लिनाने कुटायला मदत केली नाही. त्याने एकट्याने कुटलं.

आई म्हणाली, "दोन पेले घेतले मी. एक माझा, एक तुझा. तू म्हणाला होतास ना सगळ्यांसमोर, आण, मग पिईन? आणलं त्याने. आता बोलायचं नाही."

काय करू! पेला समुद्र ओलांडतो.

मग म्हणाली, मामा परत उभा राहतोय. पालिकेला, आमच्या वाडीतून. आणि दवाखाना काही झालं तरी इथेच होणार म्हणालाय. फक्त छप्पर राहिलंय. मांडवावरचे पत्रे काढले तर त्यांत खिळ्यांची भोकं राहतील, तेव्हा नवेच घ्यावे लागतील, तू पैसे पाठवशील का.

यावर मला एक शब्द बोलता येत नाही.

उद्या पाठवतोय. चारशे डॉलर.