जो राजकारण काढेल, तो भांडी घासेल

७ सप्टेंबर, रविवार

भावोजींनी आज परत भांडी घासली! सलग कितवा रविवार, देव जाणे.

निवडणुकीच्या दिवसांत भावोजी आणि हा – माझा नवरा – जेवताना इतके तापले होते की आमची पिल्लू रडत टेबलाखाली जाऊन बसली. लेकराचा तो अवतार बघून आईनं त्याच दिवशी कायदा केला: रविवारच्या जेवणात जो राजकारण काढेल, त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. पंच आई. ताटातून मान वर न करता ती नुसतं म्हणते, "भांडी!" अपील नाही.

आज भावोजी म्हणाले, "आमच्या रस्त्यावर खड्डे फार झालेत, सर–"

"भांडी!"

"अहो आई, मी फक्त खड्ड्यांबद्दल बोलतोय!"

"जावईबापू, खड्डे कुणी बुजवायचे? भांडी."

हसून हसून पोट दुखलं. तेही बाह्या दुमडून शीळ घालत उठले. खरं सांगायचं तर पातेल्याचं बूड त्यांच्यासारखं कुणी घासत नाही. ताईनं म्हणूनच त्यांना राजकारणात सोडलंय, असा माझा संशय आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. नवीन सरकारचा नियम – कुठल्याही कंपनीत बाहेरच्या देशातले लोक ठरावीक आकड्यापुढे नकोत. आम्ही काय, तर दातांच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. पण निम्म्याहून जास्त जण बाहेरचे, माझ्यासकट. म्हणून कंपनीच उठून शेजारच्या देशात चालली आहे. ज्याला यायचं त्यानं यावं, नोकरी तीच, पगार तोच. ज्याला नाही, त्याचं डिसेंबरअखेर संपलं.

साखरबाई (कर्मचाऱ्यांचं बघतात त्या, खरं नाव सगळे विसरलेत) म्हणाल्या, "याला संधी समजा." कोर्टात केस चालू आहे, पण त्यावर विसंबू नका, हेही त्यांनीच सांगितलं. कोपऱ्यात कॉफीचं मशीन तेवढं गुरगुरत होतं.

घरी सांगितलं. हा म्हणाला, "जाऊ की. तिकडे निदान मला काम करता येईल." बरोबरच आहे त्याचं. चांगला फिजिओथेरपिस्ट माणूस, पण इथे माझ्या नोकरीच्या परवान्यावर आला म्हणून कामाला बंदी. इतकी वर्षं फक्त आमच्याच पाठी दाबतोय.

आई म्हणाली, "तिकडे स्वेटर लागेल का गं?"

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नवरा – हो. मूल – हो. आई – नाही!

साखरबाईंनी तिकडच्या परवान्याचे नियम उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तिथे पालकांसाठी वर्गवारीच नाहीये." वर्गवारी म्हणे! मला वाटलं टेबल उलटं करावं. "बरं" म्हणून उठले.

इथे आई माझ्या परवान्यावर राहते. मी गेले की तिचाही संपला. एकच वाट उरते – ताई आणि भावोजी. ते खूप आधी आले, त्यांना नागरिकत्व मिळालंय. नागरिकाला आईवडील स्वतःच्या नावावर ठेवून घेता येतात. पण ती सोय नोव्हेंबरअखेर बंद. तोही नवीन सरकारचाच नियम. आणि अर्जावर नवराबायको दोघांची सही लागते.

म्हणजे भावोजींची सही. ज्यांनी या सरकारसाठी दारोदार फिरून चपला झिजवल्या त्यांची! हसावं का रडावं?

१४ सप्टेंबर, रविवार

ताईकडे जेवण. विचारायचं होतं. विचारणार तरी कसं? तोंडातून शब्द निघाला की राजकारण.

शेवटी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. तिनं नळ बंद केला. "मी बोलते यांच्याशी. तू नको काही काढूस."

निघताना भावोजी आमच्या गाडीपाशी आले. "मागच्या चाकात हवा कमी आहे." स्वतः वाकून भरली. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. मला त्यांनीच शिकवलं, याला त्यांनीच शिकवलं. साठी उलटल्यावर आईनं हट्ट धरला तर तिलाही शिकवलं. आई म्हणाली होती, "मला आधी रिव्हर्स शिकवा, पुढे काय कुणीही जातं." महिनाभर नुसती मागे मागे चालवत होती! एकदाही ओरडले नाहीत तिच्यावर.

या माणसाशी कसं भांडायचं मी?

१७ सप्टेंबर, बुधवार

ताईचा फोन नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आला फोन. "हे म्हणतायत, बघू."

बघू! आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, हे काय मला कळत नाही?

२५ सप्टेंबर, गुरुवार

भावोजी पक्षाचे आमच्या भागाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या भाषणाची क्लिप सगळीकडे फिरते आहे. ऑफिसातल्या एकानं मलाच पाठवली – हे माझे भावोजी, हे बिचाऱ्याला ठाऊक नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात लावून बघितली. माइक हातात, मान ताठ. "आम्ही रांगेत उभं राहून आलो! आता हे लोक स्वतः येतात, मागून म्हातारे आईबाप आणतात आणि दवाखान्यांत गर्दी करतात!" टाळ्या. पुढच्याच ओळीत ताई, पर्सच्या बंदाशी चाळा करत.

मागे आई उभी होती. कधीची, कोण जाणे. मी फोन बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू दे. आवाज वाढव जरा."

पूर्ण ऐकलं. "बोलतात मात्र छान," म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज कुणीच राजकारण काढलं नाही. खरं तर कुणीच काही काढलं नाही. चमच्यांचा आवाज. भांडी मी घासली – कुणीतरी घासायलाच हवी होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कंपनीचा सगळा डेटा पलीकडच्या सर्व्हरवर हलवायचा आहे. ते काम माझ्याकडे. आमच्यात एक शिस्त आहे – कुठलाही बदल करायचा तर परत फिरायचा रस्ता आधी लिहून द्यायचा. बदल फसला तर जुन्या जागी कसं यायचं, पायरी पायरीनं. त्याला रोलबॅक म्हणतात. तो नसेल तर साहेब बदलाला हात लावू देत नाहीत.

तो लिहून दिला. साहेब म्हणाले, "छान झालाय. लागायचा नाही म्हणा."

जेवणाच्या सुट्टीत आईच्या परवान्याचे नियम वाचले. कायमचं निघताना तो विमानतळावर जमा करायचा. एकदा जमा केला की परत मिळत नाही. पायऱ्या संपल्या. दातांच्या अपॉइंटमेंटसाठी रोलबॅक आहे, आईसाठी नाही! डबा तसाच घरी आणला.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज माझाच तोल गेला. ताटं वाढून होतात तोच मी म्हटलं, "भावोजी, सही करणार आहात की नाही?"

"भांडी," आई म्हणाली. हळूच.

"घासते गं! पण यांनी उत्तर द्यायला हवं."

भावोजींनी घास खाली ठेवला. "मी लोकांना काय तोंड दाखवू? परवा व्यासपीठावरून सांगितलं, आणि आज घरात उलटं करू?"

"तुम्ही आईला म्हातारी म्हणालात, सगळ्यांसमोर."

"आईंना नाही म्हणालो मी!"

"मग कुणाच्या आईला म्हणालात?"

पिल्लू टेबलाखाली गेली नाही. मोठी झाली आता. नुसती बघत बसली, आणि ते जास्त वाईट होतं.

भांडी घासताना एक ग्लास फुटला. भावोजी येऊन दारात उभे राहिले. पुसायचं फडकं हातात घेतलं, घडी केली, ठेवलं, गेले. मला त्यांचा राग येतो, इतका की दात दुखतात. आणि राग करता करताच आठवतं – आई बाथरूममध्ये पडली तेव्हा तिला उचलून गाडीत घालून, एकामागून एक सिग्नल तोडत त्यांनीच दवाखाना गाठला होता. ज्यांचे विद्यार्थी एक सिग्नल तोडला की नापास होतात, त्यांनी!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

हा म्हणतो, "मग नको जाऊया." नाही गेलो तर माझी नोकरी गेली. नोकरी गेली की परवाना गेला. म्हणजे जायचं सगळ्यांनीच, वर रिकाम्या हातानं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आई शेजारी बसून पिल्लूच्या फ्रॉकला बटण लावत होती. तिच्याबद्दल सगळे बोलतायत, तिला कुणी विचारत नाही. मीसुद्धा नाही. काय विचारू? 'कुठे टाकू तुला?'

९ नोव्हेंबर, रविवार

जेवण रद्द. ताईनं भावोजींशी बोलणं सोडलंय म्हणे. निरोपसुद्धा चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावते.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहून काढते.

ताई-भावोजी आमच्याकडे आले. भावोजी बसलेच नाहीत. खिशातून कागद काढले, आईच्या ताटाशेजारी ठेवले. "आई, सही झाली. दोघांचीही. लोकांना काय सांगायचं ते माझं मी बघतो." चेहरा असा उतरलेला की मला सगळा राग विसरायला झाला. मी रडायलाच लागले. ताईनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. किती दिवसांनी!

आईनं चष्मा पुसला. सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग कागद होते तसे घडी करून भावोजींच्या हातात दिले.

"जावईबापू, बसा आधी. तुमचं भाषण मी ऐकलं. मनापासून बोललात, खोटं नव्हतं ते. आणि ही सहीपण खोटी नाही, कळतंय मला. पण रोज सकाळी मी चहा घेऊन आले की तुम्हाला तुमचं भाषण आठवणार, आणि मला तुमची सही. किती दिवस एकमेकांना सांभाळून घ्यायचं असं? मी दादाकडे जाते."

दादा म्हणजे आमचा मामा. जिथून आम्ही सगळे निघालो, त्या गावात एकटा राहतो. वयानं आईहून मोठा, ठार बहिरा.

"आई, मामाकडे कसं जमेल तुला?" ताई ओरडली. "त्याला ऐकूसुद्धा येत नाही!"

"तेच बरं. राजकारणाचा प्रश्नच नाही."

आईनं आम्हा सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. माझ्याकडे होतं काय तिला द्यायला?

"हे सगळं राजकारणच झालं ना?" ती म्हणाली. "मग आज भांडी माझी."

उठली. नियम केल्यापासून पहिल्यांदाच. बाह्या सावरून नळाखाली पातेलं धरलं. थांबवायची कुणाची छाती झाली नाही. भावोजी जाऊन शेजारी उभे राहिले आणि तिनं दिलेलं एकेक भांडं पुसत गेले. त्यांचे खांदे हलत होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेली. "तुमच्या सामानाच्या धांदलीत माझी अडगळ नको," म्हणून आधीच निघाली. गाडी भावोजींनी चालवली, वाटेतला एकेक सिग्नल पाळत.

काउंटरवरच्या माणसानं परवाना घेतला, मधोमध भोक पाडलं, ट्रेमध्ये टाकला. आईनं विचारलं, "पावती?"

पावती नसते, म्हणाला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सामान बांधतोय. आईच्या खोलीतून एकही खोका निघाला नाही. इतक्या वर्षांचं सगळं एका बॅगेत मावलं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

डेटा गेला. एक बटण दाबलं आणि दुसऱ्या देशात! परवाना नको, सही नको, कुणाला तोंड दाखवायला नको. ऑफिसात टाळ्या वाजवल्या. मला कसलंच काही वाटलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

कोर्टानं कंपन्यांचा नियम थांबवला. कंपनी इथेच राहणार. आम्ही कुठेही जात नाही! काल रोलबॅक केला – मी लिहिलेलाच – एकही चूक न होता सगळं जुन्या जागी आलं. आईवडिलांचा नियम कोर्टानं थांबवलेला नाही.

ताईकडे जेवून आईला फोन लावला, सांगितलं. मागे मामाचा टीव्ही मोठ्यानं लागला होता. ती म्हणाली, "बरं झालं गं, पिल्लूची शाळा सुटली नाही." आणि मग, "आज भांडी कुणाकडे?"