अजून साल लागेल

मृत्युपत्रासाठी म्हणून पेन मागून घेतलं आणि आधी शेजारच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचं शब्दकोडं सोडवत बसलो. शेवटी नर्सबाईच म्हणाल्या, "उद्या सकाळी ऑपरेशन आहे बाबा, काय खरडायचं ते खरड." म्हणून लिहितो.

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा फिरस्ती, पत्ता सध्या ही खाट, शुद्धीत राहून स्वखुशीने लिहून देतो की, पायाच्या जखमेतलं विष रक्तात उतरलं आणि मी उठलो नाही, तर माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. घर नाही. बचतीचं कलम गाळतो.

२. सायकल शिंपीकाकांना. पुढचा ब्रेक लागत नाही. ते म्हणतात, "या वयात आपोआपच थांबतो मी, ब्रेक कशाला!"

३. अर्कांच्या बाटल्या, खलबत्ता आणि गाळायचं फडकं माझ्या मावसबहिणीला, म्हणजे ताईला. ती प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत जंतू वाढवते. मी खानावळींतून, रसाच्या दुकानांतून टाकलेल्या साली गोळा करून वाळवतो, कुटतो, भिजवून गाळतो; तो अर्क ती जंतूंवर टाकून बघते. कांद्याच्या सालीने काही केलं नाही, संत्र्याच्या सालीने थोडं. डाळिंबाच्या अर्काभोवती मात्र ताटलीत जंतूच वाढले नाहीत, स्वच्छ रिंगण पडलं. तोच अर्क मी पायाच्या जखमेवर ओतणार होतो. ताईने बाटली हिसकावली. "गाढवा, ताटलीत मेले म्हणून पायात मरतील? डॉक्टरकडे जा!" मी गेलो, पण वाटेत दोन गावं बघून. म्हणून ही खाट.

४. काकांना, ज्यांनी मला वाढवलं, माझी पत्र्याची पेटी. ती त्यांच्याच रसाच्या दुकानावरच्या खोलीत आहे. रिंगण पडलं ती साल त्यांच्याच दुकानातली. पुन्हा तपासायला ताईला तिथलीच हवी होती, म्हणून मी चिठ्ठीने निरोप धाडला : "काका, अजून साल लागेल." उत्तर नाही. पुन्हा तोच निरोप धाडला. पुन्हा सामसूम. म्हातारा कचरासुद्धा देत नाही म्हणून मीही अबोला धरला.

काल काकूने ताईला फोनवर विचारलं, "अजून एक साल बाहेरच राहणार म्हणे हा? हे तर त्याचं नाव काढू देत नाहीत." तेव्हा कुठे उजेड पडला. काकांनी वर्ष वाचलं होतं! ताईने काकूला समजावलंय. काकांच्या गळी उतरलं की नाही, कळलेलं नाही. तरी इथे जाहीर करतो की मला वर्ष नको होतं, टरफल हवं होतं. माझा राग या कलमाने रद्द. त्यांचा त्यांनी ठरवावा.

सही : (पाय सुजलाय, हात नाही, म्हणून नीट आली)
साक्षीदार : शिंपीकाका (ब्रेक न लागणारी सायकल मिळकत धरलेली नाही); नर्सबाई. ताईला बाटल्या मिळणार, म्हणून तिची सही घेतलेली नाही.
ठिकाण : खिडकीजवळची खाट
तारीख : ऑपरेशनचा आदला दिवस

ता. क. शाई वाळते न वाळते तोच दारात गलका. काका! खांद्यावर पोतं. नर्सबाई अडवतायत, "आत कचरा न्यायचा नाही."

"कचरा नाही हो, साल आहे! त्या गधड्याला सांगा, चांगली साल-दोन साल पुरेल एवढी आणलीय!"