समोरच्या दवाखान्यात

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र पोचलं. पेशंट समोरच्या दवाखान्यात जातात, तेव्हा येत्या सोमवारपासून तूही घसा दुखणाऱ्या प्रत्येकाला अँटिबायोटिक लिहून देणार, असं म्हणतेस. देऊ नकोस. कारण सांगते. पत्र आहे म्हणून बरं, तुला मध्ये बोलता येणार नाही.

गेल्या महिन्यात माझा घसा धरला. तू टॉर्च मारून पाहिलंस, गळ्याच्या गाठी चाचपल्यास, ताप नाही म्हणालीस. वर सांगितलंस, मावशी, हे व्हायरल आहे, आठवड्यात आपोआप जाईल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर आणि मुख्य म्हणजे गप्प बस. छत्तीस वर्षं वर्गात ओरडलेल्या बाईला गप्प बस! तुला बाराखडी मी गिरवायला लावली होती. माझं डोकंच फिरलं. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या मुलीला मात्र तू पहिल्या दिवशी अँटिबायोटिक दिलंस. तिला सणकून ताप होता, टॉन्सिलवर पू होता, हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, सख्ख्या मावशीच्याच वेळी हात आखडतो हिचा.

दुपारी जिना उतरले आणि रस्ता ओलांडला. समोरच्या डॉक्टरांनी धड तोंडही उघडायला न लावता कॅप्सूल लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी पोट असं बिघडलं, की मी आणि संडास, दोघंच. घसा मोकळा झाला तो आठवड्यानं. तू म्हणालीस तेव्हाच.

एवढंच असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण त्या पहिल्या संध्याकाळी, घोगऱ्या आवाजात, मी इमारतीचे चारही मजले फिरले. आमच्या भाचीला साधा घसा बरा करता येत नाही, समोर जा, असं दारोदार सांगितलं. अख्खी इमारत मला बाई म्हणते, माझा शब्द खरा मानते. तुझे पेशंट कुणी पळवले नाहीत गं. मी पाठवले.

माफी मागायची मला सवय नाही. ही तीच आहे असं समज. वर्गात चुकीचं शिकवलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभी राहून मी तसं सांगत असे. उद्यापासून पुन्हा त्याच दारांत जाणार आहे, पोटाच्या हकिगतीसकट. तू फक्त नेहमीसारखे नीट घसे तपास. लोक परत येतील. नाही आले, तर हाताला धरून आणीन.

हट्टी, पण तुझीच,
मावशी